निमोण्यातली हिरवी हळद

"एका ओळीचं काम आहे, आत्या! चुटकीसरशी करून देते!" असं सुलक्षणा म्हणाली, आणि तिथंच चुकली.

काम खरोखरच एका ओळीचं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण निमोण्यासारख्या गावात, सासूच्या देखत, नणंदेची हळद तोंडावर आलेली असताना कुणी असं बोलू नये. अशा वेळी "बघते, जमलं तर" म्हणावं आणि तोंडाला पदर लावावा. पण सुलक्षणाला पदर लावायची घाई नव्हती. तिला दोन तास हवे होते.

कसले दोन तास? सांगते.

सुलक्षणा माहेरची कारेगावची. पुण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. नऊ महिन्यांपूर्वी राजनंदिनी झाली, आणि लॅपटॉप दुपट्यात गुंडाळून कपाटावर गेला. आता कंपनीचा फोन आला होता : घरून काम करा, बाकीचं काम तुमच्या सवडीनं करा, फक्त सकाळी नऊ ते अकरा मीटिंगला बसा. सवडीचं सुलक्षणाला काही वाटलं नाही. नंदू झोपली की सवड, नंदू उठली की सवड संपली, इतका साधा हिशोब होता. प्रश्न त्या दोन तासांचा होता. नंदू हसली की खालचे दोन दात तांदळाच्या कण्यांसारखे दिसायचे, आणि त्या दोन कण्यांवर सुलक्षणा तिच्या सगळ्या रात्री माफ करायची. पण लॅपटॉप उघडला की हेच ध्यान असं भोकाड पसरायचं, की कारखान्याचा भोंगा झाला समजून शेजारचे घड्याळ लावायचे!

तिला सांभाळू शकेल असं घरात एकच माणूस होतं. सासूबाई, सारजाबाई. सुलक्षणा त्यांना आत्या म्हणायची. तिनं विषय काढला, तेव्हा आत्या चपाती लाटत होत्या.

"आत्या, सकाळचे दोन तास नंदूला घ्याल का?"

"बघू," आत्या म्हणाल्या.

सारजाबाईंचं 'बघू' म्हणजे 'न्हाई'ला लावलेलं तूप. पण चपाती उलटताना त्या पुढं म्हणाल्या, "परांजलची हळद नीट पार पडू दे. कुठं बोल लागू देऊ नको. मग बघू."

म्हणजे नणंदेची, प्रांजलची, हळद नीट पार पडली तर दोन तास. सुलक्षणानं कंबर कसली.

आता एरवी हळद नीट पार पडायला काय लागतं? हळद लागते. पण त्याच आठवड्यात गावात सोसायटीची निवडणूक होती, आणि गावाला रंगाचं वेड लागलं होतं.

दोन पॅनेल होती. दत्ता अण्णांचं हिरवं. उसाचा रंग म्हणून हिरवं. इंद्रजीतचं गुलाबी, निकालाआधीच गुलाल अंगावर असलेला बरा म्हणून गुलाबी. दोघांची माणसं आपापल्या रंगाची उपरणी घालून फिरायची. आंघोळीलाही काढत नसावीत, कारण गावातल्या निम्म्या बनियनांवर रंग उतरला होता. आणि या दोघांच्या मधोमध होते सुलक्षणाचे सासरे, पोपटराव आबा. आबांनी आयुष्यात कुठल्याच पॅनेलचा चहा पूर्ण प्यायला नव्हता. दोघांकडंही जायचे, दोघांकडंही कप अर्धा ठेवायचे. म्हणून मग मोठ्या माणसांनी तोडगा काढला : शुक्रवारी दोन्ही पॅनेलनी भांडणाच्या जागांवरचे अर्ज मागं घ्यायचे, निवडणूक बिनविरोध करायची, आणि चेअरमन म्हणून आबांना बसवायचं. अट एकच. तोवर आबा कुणाकडंही झुकलेले दिसायला नकोत.

आणि हळद होती गुरुवारी. आदल्याच दिवशी!

मग आबांनी घरात फर्मान काढलं. "हिरवा न्हाई, गुलाबी न्हाई. कुठं म्हंजी कुठं न्हाई!"

पत्रिका पांढऱ्या कागदावर पिवळ्या अक्षरात छापल्या. त्या कुणालाच वाचता आल्या नाहीत, म्हणून घरोघर फोन करावे लागले. आचाऱ्याला सांगितलं, कोथिंबीर दिसायच्या आत शिजव. गुलाबी सरबत रद्द झालं. कलिंगड मात्र चाललं, त्यात दोन्ही रंग होते. खरी अडचण आली हिरव्या चुड्याची. नवरीला हिरवा चुडा भरलाच पाहिजे. त्यावर सोसायटीचंही काही चालत नाही. पण चुडा भरला, आणि इंद्रजीतची आई सोजरबाई दारावरून जाताना थांबून नुसती खाकरली. तेवढं पुरे झालं. तेवढ्याच गुलाबी बांगड्या आणून मधे मधे घातल्या. प्रांजलचे हात सर्वपक्षीय दिसायला लागले.

"वैनी, मी लग्न करतीय का युती?" प्रांजलनं विचारलं.

"दोन दिवस काढ. पाटसला गेलीस की काढून टाक गुलाबी," सुलक्षणा म्हणाली.

मग मांडववाला बिरदेव आला आणि लायटिंगचं निघालं. त्यानं या वर्षी नवीन लाइटच्या पट्ट्या आणल्या होत्या. मांडवाला, गच्चीला, दाराला, सगळीकडं चिकटवायच्या आणि रिमोट दाबून रंग बदलायचा. रिमोटवर चार बटणं होती. लाल, हिरवा, गुलाबी, पांढरा.

"पांढरी लावतो," बिरदेव म्हणाला.

"हळद हाय का दहावा हाय?" आत्यांनी विचारलं.

"मग लाल."

"लाल म्हंजी गुलाबीच, जरा जास्त शिजलेला," ओट्यावर बसलेले दत्ता अण्णा म्हणाले. ते सहज आले होते. त्या आठवड्यात सगळेच सहज येत होते.

"हळदीच्या रंगाची न्हाई का?" आबांनी विचारलं.

"रिमोटवर न्हाई. दुकानदार म्हनला, पट्ट्यांच्या डबीला कम्प्युटर जोडला की पायजे तो रंग येतो. सहा अक्षरी नंबर टाकाया लागतो म्हनं. मला काय त्यातलं उमगत न्हाई."

आणि इथं सुलक्षणानं ते ऐतिहासिक वाक्य उच्चारलं. एका ओळीचं काम आहे, आत्या!

लॅपटॉप कपाटावरून खाली आला. दुपटं सुटलं. नंदूनं भोंगा दिला. तिला कडेवर घेऊन सुलक्षणानं हळदीच्या पुडीचा फोटो काढला आणि त्यातून रंगाचे तीन आकडे काढले : लाल दोनशे पंचावन्न, हिरवा दोनशे, निळा तीस.

"हिरवा कशाला त्यात?" आबांना घाम फुटला.

"आबा, लाल आणि हिरवा उजेड मिसळला की पिवळा होतो."

"दोन्ही पॅनेल एक झाली की तिसराच रंग. बरूबर हाय." आबांना पटलं. "पर तीन आकडे झाले. नंबर तर सहा अक्षरी पायजे म्हनं."

"आकडा असाच नाही टाकायचा. सोळाच्या हिशोबात लिहायचा. म्हणजे बघा, जुने आणे कसे होते? सोळा आण्यांचा रुपया. पंधरापर्यंत आणे, सोळा झाले की एक रुपया. तसंच. पहिलं अक्षर रुपयाचं, दुसरं आण्याचं."

आबांच्या वडिलांनी त्यांच्याकडून आण्यांचे पाढे छडी घेऊन पाठ करून घेतले होते. आबांचे डोळे चमकले.

"दोनशे आणे? बारा रुपये आठ आणे!"

"अगदी बरोबर! फक्त दहापासून पंधरापर्यंत एका घरात दोन आकडे मावत नाहीत, म्हणून तिथं एबीसीडी. दहाला ए, अकराला बी, बाराला सी. म्हणजे दोनशेचं सी-आठ."

"दोनशे पंचावन्न आणे म्हंजी पंधरा रुपये पंधरा आणे."

"एफ-एफ!"

"तीस आणे म्हंजी एक रुपया चौदा आणे."

"एक-ई! झाले सहा. एफ-एफ, सी-आठ, एक-ई."

"आन् ह्याला पगार देत्यात?" आत्यांनी विचारलं.

पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत या कामासाठी आयती सोय असते. आकडा द्यायचा, सोळाच्या हिशोबातली अक्षरं घ्यायची. सुलक्षणानं तीन आकड्यांची अक्षरं काढून एकापुढं एक चिकटवली आणि बिरदेवच्या डबीला पाठवली. एकच ओळ. आणि दाराभोवतीची पट्टी लख्ख पिवळी झाली! बिरदेवनं टाळी वाजवली. आबा दारात उभे राहून नववधूसारखे लाजले.

फक्त आत्या जवळ गेल्या, नाक वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "ही दुकानातली हळद हाय."

"आत्या, तो लाइट आहे."

"आसंल. पर हळद दुकानातली हाय. आमची बांधावरची, उकडून, वाळवून, जात्यावर दळलेली. ती लई दाट असती."

हळद नीट पार पाडायची होती. सुलक्षणानं मुकाट्यानं घरच्या हळदीचा फोटो काढला. आणि काय सांगू, म्हातारीचं म्हणणं खरं निघालं! लाल तोच, हिरवा तोच, पण निळा तीसच्या जागी फक्त पाच.

गुरुवारी दुपारी, नंदूला मांडीवर आडवं घालून, तिच्या पायानं एंटर दबणार नाही अशा बेतानं, सुलक्षणानं तीस खोडून पाच लिहिलं. पुन्हा लावून बघितलं का? नाही. एक आकडा तर बदलायचा, त्यात बघायचं काय! असं म्हणून ती वांगी निवडायला गेली. जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरवाल्यांचं वाटोळं याच वाक्यानं झालेलं आहे. फक्त त्यांच्या पुढ्यात वांगी नसतात.

संध्याकाळी मांडव भरला. एका बाजूला दत्ता अण्णा आणि हिरवी उपरणी, दुसऱ्या बाजूला इंद्रजीत आणि गुलाबी उपरणी, मधल्या खुर्चीवर आबा, अंगात पांढरं, डोक्यावर पिवळा फेटा. पाटसहून नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन विहीणबाई आल्या होत्या. प्रांजल चौरंगावर बसली. तिच्यासमोर पाच पाट ओळीनं, पाच पाटांवर पाच सवाष्णी, प्रत्येकीपुढं एकेक वस्तू : हळद, आंब्याची पानं, दूर्वा, तेलाची वाटी आणि शेवटी ओवाळायचं ताट. पहिल्या पाटाचा मान सोजरबाईंचा. शेवटच्या पाटावर सरूबाई. ओवाळण्यात तिचा हात कुणी धरत नसे.

नंदू दुपारपासून रडत होती. कडेवर, झोळीत, खांद्यावर, कुठंही घ्या, रडत होती. सुलक्षणा तिला थोपटत लॅपटॉपपाशी उभी होती.

"लावा लाइट!" आबांनी हात वर केला.

सुलक्षणानं बटण दाबलं.

आणि अख्खं घर हिरवं झालं.

साधंसुधं हिरवं नाही. मांडव हिरवा, गच्ची हिरवी, चौरंग हिरवा, पाणी पाजून आठवडा झालेल्या उसाच्या फडात शिरावं तसं हिरवं! आबांचा पिवळा फेटा हिरवा. आबांच्या मिशा हिरव्या. विहीणबाईंच्या हातातली वाटी हिरवी.

मांडव एकदम गप्प झाला. इतका, की नंदूसुद्धा रडायची थांबली. तिनं डोळे मोठे करून वर पाहिलं, एक जांभई दिली आणि आईच्या खांद्यावर मान टाकली.

"आमच्याकडं हिरवी हळद लावत न्हाईत," विहीणबाई सौम्यपणे म्हणाल्या.

मग स्फोट झाला.

"आबा आपले!" हिरव्या बाजूनं आरोळी उठली. दत्ता अण्णा उठून आबांच्या गळ्यात पडले. दहा-बारा मोबाईल वर झाले. आबा हिरवे, अण्णा हिरवे, फोटो हिरवे!

"आरं, हे मी न्हाई..." आबा म्हणत होते.

"कशाला लपिवता आबा! सगळ्या गावाला दिसलं!"

पलीकडं इंद्रजीतनं हातातला चहा खाली ठेवला. अर्धा. "चला रं," तो आपल्या माणसांना म्हणाला. "उद्या एकबी अर्ज मागं निघत न्हाई. आई, ऊठ!"

सोजरबाई पहिल्या पाटावरून उठल्या. "हळदीला बोलवायचं आन् पाटावर बसवून नाक कापायचं!" म्हणत खांबापाशी जाऊन उभ्या राहिल्या. गेल्या मात्र नाहीत. जेवण व्हायचं होतं.

आत्यांनी सुलक्षणाकडं पाहिलं. त्या नजरेत सकाळचे दोन तास कढईतल्या पाण्यासारखे उडून जाताना सुलक्षणाला दिसले.

"बिरदेवभाऊ, बंद करा!"

"बंद कशी करू? सगळ्या मांडवाची लाइन एक हाय. तिकडं तेल उकळतंय, हिकडं पोरं पळत्यात. अंधार केला तर एखादं तळून निघंल!"

"मग रिमोट!"

"कम्प्युटर जोडला की रिमोट मुका व्हतो."

सुलक्षणानं झोपलेली नंदू डाव्या खांद्यावर सावरली आणि उजव्या हातानं की-बोर्ड ओढला. विचार कर, सुलक्षणे! हिरवा जास्त झालाय ना? मग हिरवा कमी कर. यात न समजण्यासारखं काय आहे? तिनं हिरव्याचे दोनशे खोडले, पाच लिहिले. बटण दाबलं.

मांडव आणखी हिरवा झाला!

आता तो उसाचाही राहिला नाही. हिरव्यागार पोपटाच्या पोटात बसल्यासारखं वाटायला लागलं. हिरव्या बाजूनं शिट्ट्या वाजवल्या. कुणीतरी हलगी मागवली.

"सुलक्षणा," आबा तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "हिरवा नको म्हनलो व्हतो ना गं?"

"कमीच केलाय, आबा."

"मग हा कमी हाय?"

हिरवा कमी केला की वाढतो, असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. एकदा तिला वाटून गेलं, यंत्रालाच अण्णांनी फोडलंय.

"आसं कर," आबा म्हणाले, "इंद्रजीत दारातनं बाहेर पडायच्या आत जरा गुलाबी कर. समतोल व्हईल."

सुलक्षणानं गुलाबीचे आकडे घाईनं टाकले : दोनशे पंचावन्न, वीस, दीडशे. बटण दाबलं.

आणि मांडव फक्कड गुलाबी झाला. मागितला तसा, नेमका, पहिल्या फटक्यात!

त्याच क्षणी नंदूनं डोळे उघडले आणि भोंगा दिला.

"आबा आपले!" आता गुलाबी बाजूनं आरोळी. इंद्रजीत दारातून परत आला, आबांना उचललं, फोटो काढले. दत्ता अण्णा तटकन उभे राहिले.

"आबा! पाच मिन्टात पॅनेल बदललं? आमदार तरी एक टर्म थांबत्यात!"

"आरं, हळदीचा रंग आणतोय आम्ही..."

"आमच्याबी माघारी बंद! चला रं!"

"आत्ता कसं? तुमी आधी निघाला का आमी?" इंद्रजीत म्हणाला. या मुद्द्यावर दोघं एकमेकांची वाट अडवून उभे राहिले, त्यामुळं कुणालाच बाहेर पडता येईना. गावात दोघांचे फोटो गेले. एकात आबा हिरवे, एकात आबा गुलाबी, आणि दोन्हीत तोंड सारखंच पडलेलं.

सगळे इतके भांडत होते, की चौरंगावर प्रांजल बसलीय हे फक्त एका माणसाच्या लक्षात होतं. मुहूर्त सारजाबाई चुकू देणार नव्हत्या. "भांडनं बाहेर. हिकडं हळद सुरू करा!" त्यांनी सवाष्णींना फर्मावलं.

पण पहिला पाट रिकामा होता. चौघींनी बायकांच्या पंगतीत करतात तेच केलं. मोकळी जागा दिसली, पुढं सरकल्या. दुसरी पहिल्या पाटावर, तिसरी दुसऱ्यावर, आणि शेवटची सरूबाई तेलाच्या वाटीपुढं. कुणी खाली पाहिलं नाही. पानं लावायची ती हळद घेऊन बसली. दूर्वांवालीनं पानं उचलली. आणि सरूबाई, जिला आयुष्यात 'ओवाळ' म्हटलं की ओवाळायचं एवढंच ठाऊक, तिनं पुढ्यात होतं ते उचललं आणि तीन वेळा झोकात ओवाळलं.

तेल होतं ते.

"आई गं!" प्रांजल किंचाळली. भांगापासून सर्वपक्षीय बांगड्यांपर्यंत निथळली.

"सरकू नका गं!" आत्यांचा आवाज हलगीच्या वर गेला. "सोजर उठली म्हनून तुमी कशाला सरकला? एकीची जागा मोकळी पडली की सगळ्यांची कामं बदलत्यात! मानूस नसलं तरी जागा मोडायची न्हाई. सुपारी ठेवा तिच्या पाटावर! ठेवा सुपारी, आन् जा परत आपापल्या जागंवर!"

सुलक्षणाचा हात की-बोर्डवर थबकला.

पाच! पाचाचं अक्षर एकच येतं. पाच. तीसची दोन येत होती, एक-ई, म्हणून काल सगळं जमलं. आज निळ्याच्या पाटावर एकच अक्षर बसलं, दुसरी जागा मोकळी. सहाच्या जागी पाचच अक्षरं गेली, बिरदेवच्या डबीनं पहिलं घर शून्यानं भरलं, आणि बाकीची सगळी एकेक घर सरकली. लाल जवळजवळ संपला, आणि त्याची ताकद जाऊन बसली हिरव्याच्या पाटावर! तिनं आणखी एक पाच टाकला, तेव्हा आणखी एक घर सरकलं. यंत्राला अण्णांनी फोडलं नव्हतं. सरूबाईनं तेल ओवाळलं, तसंच यंत्रानं हिरवा ओवाळला होता.

पाच आणे नुसते लिहायचे नसतात. शून्य रुपये पाच आणे! सुपारी ठेवायची!

रडणाऱ्या नंदूला गुडघ्यावर नाचवत सुलक्षणानं घरच्या हळदीचे आकडे परत टाकले आणि त्या एका ओळीत भर घातली : प्रत्येक आकड्याची दोन अक्षरं झालीच पाहिजेत, एकच असेल तर पुढं शून्य. आणि बटण दाबलं.

घर पिवळं झालं. दाट, बांधावरचं, उकडून वाळवून जात्यावर दळलेलं पिवळं. अण्णा आणि इंद्रजीत एकमेकांची कॉलर धरून उभे होते, ते तसेच वर बघत राहिले.

"आत्ता आली," आत्या म्हणाल्या. "आपली हळद."

सोजरबाईंनी खांबापासून मान लांब करून पाहिलं, आपल्या पाटावर सुपारी बसलेली बघितली, आणि लगबगीनं परत आल्या. सुपारीनं मान खाल्लेला कुठल्या बाईला चालतो? इंद्रजीतला आईला सोडून जाता येईना, आणि इंद्रजीत थांबला म्हणून अण्णाही थांबले. प्रांजलला हळद लागली. तेल आधीच लागलेलं असल्यामुळं ती छान बसली.

हळद पार पडली. पण नीट पार पडली, असं कोण म्हणेल? सुलक्षणा वाढताना आत्यांच्या नजरेला नजर देत नव्हती. उद्या अर्ज निघणार नाहीत, आबा चेअरमन होणार नाहीत, आणि लॅपटॉप परत कपाटावर जाणार. आबा खुर्चीत बसून दोन्ही पॅनेलचे फोटो बघत होते. "हिरव्यात जरा बरा दिसतो न्हाई का मी?" त्यांनी विचारलं.

शुक्रवार उजाडला. आणि दुपारी बातमी आली : दोन्ही पॅनेलनी अर्ज मागं घेतले! बिनविरोध!

झालं होतं असं, की हिरव्या पॅनेलकडं आबांचा हिरवा फोटो होता, गुलाबीकडं गुलाबी. दोघांनीही तो रात्रीच गावभर पाठवला होता : आबा आपलेच! आता आबा आपलेच असतील, तर त्यांच्या बिनविरोधला मोडता कसा घालायचा? अण्णांची लोकं म्हणाली, आपला माणूस चेअरमन होतोय. इंद्रजीतची लोकं म्हणाली, आपला माणूस चेअरमन होतोय. दोघंही एकमेकांकडं बघून गालात हसले. मिरवणुकीत काय उधळायचं यावर पुन्हा बैठक बसली आणि शेवटी भंडारा उधळला गेला.

"पोपटरावांच्या सुनंनं डोकं चालवलं!" गाव म्हणालं. "आधी ह्यांना खूश केलं, मग त्यांना. शिकलेली हाय!"

आबांनी ते नाकारलं नाही. सुलक्षणानंही नाही. तुम्ही असता तर नाकारलं असतं का?

प्रांजल पाटसला नांदायला गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या चपाती लाटता लाटता म्हणाल्या, "नऊ ते अकरा का?"

"हो, आत्या."

"आन हिकडं तिला."

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. सुलक्षणानं मीटिंगची तारीख कळवली, केस विंचरले, चांगला ड्रेस घातला, लॅपटॉप उघडला. आणि शेजारच्या खोलीत नंदूनं भोंगा दिला. आत्यांनी गाणी म्हटली, खुळखुळा वाजवला, बोट चोखायला दिलं. भोंगा चालूच. शेवटी आत्या तिला घेऊन दारात आल्या.

"सुलक्षणे! ही एकदाच गुमान झोपली व्हती. कवा आठवतं का?"

सुलक्षणाला आठवत होतं. आठवायला नको होतं.

"बिरदेवकडून एक पट्टी आणवलीय मी. लाव."

"आत्या, रिमोटवर हिरवं बटण आहे की."

"ते लावून बघितलं काल. त्यानं रडती. तिला तुझावालाच हिरवा पायजे."

तेव्हापासून रोज सकाळी नऊला सुलक्षणा ती एक ओळ उघडते, नीट बसवलेलं शून्य पुसते, आणि नेमकी तीच चूक करते. सुपारी उचलते, सगळी अक्षरं सरकतात, घर उसासारखं हिरवं होतं, आणि आत्यांच्या मांडीवर एक टकलू डोकं जांभई देतं. खिडकीवर गोणपाट लावलेलं असतं. इंद्रजीत त्याच वेळी दूध घालायला जातो.

पहिल्याच दिवशी पडद्यावर पुण्याच्या साहेबांनी जवळ येऊन तिच्याकडं निरखून बघितलं.

"मॅडम, तुम्ही हिरव्या दिसताय. बहुतेक लाइटच्या पट्टीच्या आकड्यांमध्ये कुठंतरी शून्य राहिलंय. साधी चूक असते ती, एका ओळीचं काम आहे."

"माहीत आहे, सर," सुलक्षणा अगदी हळू आवाजात म्हणाली. "पण जरा हळू बोला. आत्ताच झोपलीय."